जाळीदार हाडातला अल्ट्रासाउंड : धुळ्याच्या प्रयोगशाळेतल्या प्रकल्प नोंदी

३ डिसेंबर

विषय पक्का झाला. जाळीदार हाडातून अल्ट्रासाउंड कसा जातो आणि आत कुठेकुठे परततो, हे मोजायचं. एम.एस्सी. भौतिकशास्त्राचं शेवटचं वर्ष, प्रकल्पाला आम्ही दोघी. सरांची अट एकच: रोजच्या रोज नोंद लिहायची, रीडिंग असो वा नसो.

विषय मीच सुचवला होता. मागच्या वर्षी आमच्या गावात हाडं तपासण्याचं शिबिर झालं. बायकांची टाच एका अल्ट्रासाउंड यंत्रात ठेवायची, दोन मिनिटांत कार्डावर एक आकडा. माझ्या काकूंच्या कार्डावर उणे खुणेचा आकडा आला आणि घरात त्यावर आठवडाभर चर्चा. यंत्र नेमकं काय मोजतं, ते कुणी सांगितलं नाही. काकूंनी मला विचारलं, "तू तर फिजिक्स करतेस ना?" मला उत्तर देता आलं नाही. ते उत्तर मला नीट हवंय.

आज वाचलेलं थोडक्यात. हाडाचं बाहेरचं कवच टणक असतं, त्यात पोकळ जागा साधारण ५ ते १५ टक्के. आतलं जाळीदार हाड वेगळंच: बारीक काड्या आणि पट्ट्यांची जाळी, मधल्या जागेत मज्जा. पोकळ भाग ५० पासून ९५ टक्क्यांपर्यंत. माणसाच्या हाडात एकेक काडी ०.१ ते ०.२ मि.मी. जाडीची, दोन काड्यांमध्ये अर्धा ते एक मि.मी. अंतर. टाचेचं हाड जवळजवळ सगळंच जाळीदार, वर कवच पातळ, आणि दोन्ही बाजूंनी प्रोब (लाट सोडणारी आणि ऐकणारी टोकं) लावता येतात. म्हणून यंत्रात टाच.

पाण्यात १ मेगाहर्ट्झची तरंगलांबी दीड मि.मी. म्हणजे लाट काडीपेक्षा कितीतरी मोठी. तिला सुटी काडी दिसत नाही, जाळीचा एकत्रित परिणाम जाणवतो. हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

९ डिसेंबर

हाडाआधी पाणी. प्रयोगशाळेतले आबा बाटली भरून देतानाच म्हणाले, "आधी पाणी तपास बेटा, मंग बाकीनं." तेवीस-चोवीस वर्षं ते विद्यार्थ्यांचे प्रयोग मांडून देतायत, आणि त्यांचं बरोबर होतं.

द्रवातला ध्वनीचा वेग मोजणारा अल्ट्रासॉनिक इंटरफेरोमीटर काढला. २ मेगाहर्ट्झचा क्वार्ट्झ स्फटिक, वर मायक्रोमीटरला जोडलेली परावर्तक पट्टी. पट्टी अर्ध्या तरंगलांबीने सरकली की मीटरचा काटा पुन्हा टोकाला जातो. सकाळी पाणी २० अंश होतं, दोन टोकांमधलं अंतर सरासरी ०.३७ मि.मी. वेग १४८२ मीटर प्रति सेकंदाच्या आसपास, पुस्तकात दिल्यासारखा.

दुपारी तेच पाणी तापलं आणि वेग वाढला. २५ अंशाला १४९७, ३० अंशाला १५०९. खानदेशात डिसेंबरची पहाट आणि मार्चची दुपार यांत पाण्याच्या तापमानाचा फरक दहा अंशांच्या वर सहज जातो. हाडातला वेग आम्ही पाण्याशी तुलना करूनच काढणार आहोत, तेव्हा प्रत्येक रीडिंगशेजारी तापमान लिहिल्याशिवाय ते रीडिंग धरायचं नाही, असं ठरलं.

१७ डिसेंबर

हाड मिळालं. परवानाधारक दुकानातून म्हशीच्या मांडीच्या हाडाचं गुडघ्याकडचं टोक. बोकडाची नळी आधी पाहिली होती, पण तिच्या टोकाला जाळीदार भाग इतका थोडा की १२ मि.मी.चा तुकडा निघणं अवघड. दुकानदाराला प्रश्न पडला. "हाई काय शे ताई, रस्सा कराना नही का?" प्रयोग म्हटल्यावर त्यांनी स्वतःच कुऱ्हाडीऐवजी करवतीने कापून दिलं. कुऱ्हाडीच्या घावाने जाळीत तडे जातात, हे त्यांना आम्ही सांगायच्या आधीच ठाऊक होतं.

घरी पाण्याखाली धुऊन पाहिलं. कापलेल्या तोंडावर वाळलेल्या गिलक्याची जाळी असते तशीच रचना, आणि गिलक्यासारखीच तिलाही दिशा. सांध्याकडून नळीकडे जाणाऱ्या काड्या ठळक आणि जाड, आडव्या काड्या बारीक, जोडण्यापुरत्या. हाडावर भार ज्या दिशेने येतो त्या दिशेने जाळी घडत जाते, हे जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडलं. वाचून माहीत होतं. पण खिडकीच्या उजेडात तुकडा फिरवताना एका बाजूने त्यातून आरपार दिसतं आणि दुसऱ्या बाजूने दिसत नाही, हे पाहिल्यावर प्रकल्पाचा प्रश्न बदलला. नुसतं "वेग किती" विचारून भागणार नाही. कोणत्या दिशेने, हेही विचारावं लागेल.

१९ डिसेंबर

चरबी काढणं. कोमट पाणी, साबण, नळाची जोरदार धार, पुन्हा कोमट पाणी. उकळायचं नाही. उकळलं की कोलॅजन हे हाडातलं प्रथिन बिघडतं आणि हाडाची ताठरता बदलते. वासामुळे आम्हाला मागच्या व्हरांड्यात बसवलं.

२७ डिसेंबर

तुकडे तयार. १२ मि.मी.चे घन, ओल्या हाडावर हळू करवत चालवून. एकात लाट काड्यांच्या दिशेने जाईल, दुसऱ्यात आडवी, तिसरा ४५ अंशांच्या कोनात कापलेला. बाजू घासून समांतर केल्या, कॅलिपरने तपासल्या. सारखीच जाडी सगळीकडे मिळेपर्यंत घासणं सुरू होतं, कारण जाडीतली एक दशांश मि.मी.ची चूक वेगात सरळ उतरते.

पोकळपणा वजनावरून काढला. हाडाच्या घन भागाची घनता साधारण २ ग्रॅम प्रति घन सें.मी. धरली. घनाचं आकारमान १.७३ घन सें.मी. पहिल्या तुकड्यातलं पाणी काढल्यावरचं वजन ०.६२ ग्रॅम. म्हणजे घन भाग जेमतेम १८ टक्के, बाकी ८२ टक्के जागा मोकळी. इतक्या थोड्या मालावर जनावराचं सगळं वजन पेललं जातं.

४ जानेवारी

हवा. पहिल्याच चाचणीत तुकडा पाण्यात सोडल्यावर पलीकडे काहीच पोचलं नाही. कारण सरळ होतं: पाण्याचा ध्वनिरोध (पदार्थाची घनता गुणिले त्यातला ध्वनीचा वेग) सुमारे १.५ मेगारेल, हवेचा ०.०००४. जिथे पाणी आणि हवा भेटतात तिथून जवळजवळ सगळी लाट परत फिरते. जाळीत अडकलेला एकेक बुडबुडा म्हणजे लाटेपुढे उभी भिंत.

व्हॅक्यूम डेसिकेटर आणि पंप मिळाला. काचेच्या भांड्यात पाणी, पाण्यात तुकडा, वर झाकण. पंप सुरू केल्यावर आधी काही नाही. मग तुकड्याच्या एका कोपऱ्यातून मोहरीएवढे बुडबुडे एकामागोमाग सुटू लागले. थोड्या वेळाने सगळ्या तोंडांतून बारीक फेस आला. फेस थांबला की हवा आत सोडायची, पाणी पोकळ जागांत घुसतं. पुन्हा पंप. असं करत करत शेवटी पंप चालू असतानाही बुडबुडा येईना. तुकडा बाहेर न काढता, पाण्याखालीच धरून टाकीत न्यायचा. हातात घेऊन हवेत आणला की अर्धं काम वाया.

आबा मागे उभे राहून बघत होते. हाड एवढं पाणी पितं हे त्यांना पटेना, म्हणून वजन करून दाखवलं.

११ जानेवारी

आजची नोंद मोठी आहे.

मांडणी अशी: टाकीत समोरासमोर १ मेगाहर्ट्झचे दोन प्रोब, एक सोडणारा, एक ऐकणारा. ऐकणारा डीएसओला, म्हणजे लाट स्क्रीनवर दाखवणाऱ्या डिजिटल ऑसिलोस्कोपला, जोडलेला. पाणी २१ अंश, वेग १४८५. आधी नुसत्या पाण्यातून पल्स, म्हणजे लाटेचा एक छोटा ठोका, पाठवायची आणि पोचण्याची वेळ धरायची. मग मध्ये तुकडा ठेवायचा. १२ मि.मी. पाणी ओलांडायला लाटेला ८.०८ मायक्रोसेकंद लागतात. तुकडा आल्यावर पल्स जितकी लवकर किंवा उशिरा पोचेल तेवढाच फरक हिशोबात.

काड्यांच्या दिशेचा तुकडा ठेवला. स्क्रीनवर पल्स आली, पण जिथे अपेक्षित होती तिथे नाही. पाण्याच्या जागेच्या बरंच आधी एक छोटी, लांबट लाट उठली. ती विरतेय तोवर मागून दुसरी, जास्त उंच आणि ठसठशीत. पहिली पाण्यापेक्षा २.६ मायक्रोसेकंद आधी. दुसरी ०.२५ उशिरा. हिशोब केला. पहिलीचा वेग सुमारे २१९०, दुसरीचा १४४०. एकच पल्स सोडली होती, तुकड्यातून दोन बाहेर पडल्या.

दोन्हींवर शंका घेतली. दुसरी लाट पाण्याच्या इतकी जवळ आहे की ती तुकड्याच्या कडेने, पाण्यातूनच वळसा घालून आलेली असू शकते. ही शंका सरांनी उपस्थित केली आणि ती योग्यच होती. म्हणून चपलांचा फोम आणला, बंद छिद्रांचा, आत हवा भरलेला. त्याची चौकट कापली, मध्ये तुकडा घट्ट बसेल एवढं भोक. हवेमुळे फोमातून काहीच जात नाही. भोकात तुकडा नसताना पल्स गेली, भोक फोमाच्याच तुकड्याने बुजवल्यावर पूर्ण शांतता. मग हाड बसवलं. दोन्ही लाटा तशाच, त्याच जागी. म्हणजे दोन्ही हाडातूनच येतात.

आणखी एक खातरजमा. हाडाच्या जागी त्याच मापाचा ॲक्रिलिकचा ठोकळा. एकच लाट, वेग २७०० च्या आसपास, ॲक्रिलिकचा असतो तसा. तेव्हा दोन लाटा हा मांडणीचा दोष नाही.

आज इथेच थांबते. दोघींनाही बोलण्यासारखं खूप आहे आणि लिहायला हात पुरत नाही.

१२ जानेवारी

आडवा तुकडा. एकच लाट, पाण्यापेक्षा ०.३ मायक्रोसेकंद आधी, वेग साधारण १५४०. तेच हाड, तोच पोकळपणा, नुसती दिशा बदलली.

४५ अंशांचा तुकडा या दोघांच्या मधला. वेगवान लाट आहे, पण दबलेली आणि उशिरा येणारी, दुसरीच्या कुशीत शिरत चाललेली. काड्या लाटेच्या वाटेशी जुळल्या की वेगवान लाट मोकळी होते. जुळल्या नाहीत की दोन्ही एकमेकींवर चढतात आणि स्क्रीनवर एक असल्यासारख्या दिसतात.

हे सगळं स्पष्ट दिसत असताना शिबिराच्या कार्डावरचा तो एकुलता एक आकडा डोळ्यांपुढे येतो. यंत्राचा त्यात दोष नाही, ते एका ठरलेल्या दिशेनेच मोजतं. पण एक आकडा म्हणजे दोन लाटांची बेरीज आहे, हे तो आकडा हातात देणाऱ्याने विसरू नये, असं मला ठामपणे वाटतं.

२० जानेवारी

सिद्धांत. मॉरिस बिओ हे बेल्जियममध्ये जन्मलेले, अमेरिकेत काम करणारे शास्त्रज्ञ. १९५६ मध्ये त्यांनी द्रव भरलेल्या सच्छिद्र पदार्थातल्या लाटांवर दोन जोडशोधनिबंध लिहिले. त्यांच्या डोळ्यांसमोर हाड नव्हतं, तेल शोधणाऱ्यांचे खडक होते. त्यांचं म्हणणं असं की सांगाडा आणि त्यातला द्रव हे दोघेही हलतात, आणि हलण्याच्या दोन पद्धती आहेत. दोघे एकाच तालात पुढेमागे झाले की वेगवान लाट. सांगाडा एकीकडे आणि द्रव दुसरीकडे, एकमेकांवरून घसरत, तर मंद लाट. पहिलीला सांगाड्याच्या ताठरतेचा आधार मिळतो. दुसरी द्रवाच्या भरवशावर, छिद्रांच्या वळणावळणातून वाट काढत जाते, म्हणून तिचा वेग नुसत्या द्रवातल्या वेगापेक्षाही कमी पडतो. आमचे १४४० आणि पाण्याचे १४८५, इथे बरोबर बसले.

मंद लाट प्रयोगात दिसायला १९८० उजाडलं. प्लोना यांनी ती एकमेकांना चिकटवलेल्या काचेच्या मण्यांमध्ये पाहिली. हाडात वेगवान आणि मंद या दोन्ही लाटा स्वच्छ वेगळ्या दाखवल्या त्या जपानमधल्या होसोकावा आणि ओतानी यांनी, १९९७ मध्ये, गोवंशाच्या हाडात. आमचं काम त्याचीच एक पुनरावृत्ती आहे, आणि ती धुळ्याच्या प्रयोगशाळेत जमली याचा आनंद लपवायचं कारण नाही.

एक हिशोब स्वतः करून पाहिला. द्रव छिद्राच्या भिंतीला चिकटून राहतो की मोकळा घसरतो, हे भिंतीजवळच्या चिकट थराच्या जाडीवर ठरतं. १ मेगाहर्ट्झला पाण्यासाठी ही जाडी सुमारे ०.५६ मायक्रोमीटर येते. छिद्र अर्धा ते एक मि.मी.चं, म्हणजे थराच्या नऊशे ते अठराशे पट. पाणी मोकळंच. मज्जा पाण्यापेक्षा पन्नास पट चिकट धरली तरी थर चार मायक्रोमीटरच्या आसपास. म्हणजे मज्जा भरलेल्या हाडातही मंद लाट तग धरू शकते, जास्त झिजून का होईना.

२९ जानेवारी

दगड. कल्पना जोडीदाराची. बिओंना मंद लाटेसाठी एकमेकांना जोडलेली छिद्रं हवीत. छिद्रं आहेत पण बंद आहेत, असा पदार्थ घेऊन बघावा. तो तर आमच्या पायाखालीच आहे: दख्खनचा बेसॉल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर, थरांच्या वरच्या भागात वायूच्या बुडबुड्यांची भोकं. धुळे-नंदुरबारकडे डाइकच्या (जमिनीच्या भेगांत थिजलेल्या लाव्हाच्या भिंतींच्या) ज्या काळ्या रांगा शेतांतून सरळ धावताना दिसतात, त्यांचा दगड घट्ट असतो, तो चालला नसता. लळिंगच्या पायथ्याच्या एका खडी कारखान्याजवळून भोकांचा दगड उचलला, ज्याच्या भोकांत झिओलाइट हे खनिज साचलेलं नव्हतं असा. पातळ फाक कापून घेतली.

एकच लाट आली, मागे लांबलचक थरथर. मंद लाट जिथे यायला हवी होती तिथे काहीच ठळक नाही. छिद्रं लाटेला विखुरतात, पण द्रवाला पुढे जायला वाट नाही.

सिव्हिल विभागातल्या मुलांनी काँक्रीट तपासायचं त्यांचं यंत्र देऊ केलं. ते ५४ किलोहर्ट्झवर चालतं. हाडात त्याची तरंगलांबी चार सें.मी.च्या पुढे आणि आमचा तुकडा सव्वा सें.मी.चाही नाही. आभार मानून परत केलं.

५ फेब्रुवारी

आता परतणारी लाट. एकच प्रोब, तोच सोडतो, तोच ऐकतो.

आधी टणक कवचाचा तुकडा. कवचाचा ध्वनिरोध ७ मेगारेल धरला तर पाण्यातून त्यावर पडलेल्या ऊर्जेपैकी ४२ टक्के तिथूनच परत येते. स्क्रीनवर पुढच्या पृष्ठभागाची उंच लाट, मग मागच्या पृष्ठभागाची. मधली जागा जवळजवळ सपाट. तुकडा तिरका केला की आत शिरणारी लाट कमी होत जाते. कवचातला वेग ३५०० धरला तर साधारण २५ अंशांच्या पुढे दाबलाट आत जातच नाही. टाचेवर प्रोब नीट सरळ बसणं का महत्त्वाचं, ते इथे कळतं.

मग जाळीदार. पुढच्या पृष्ठभागाची लाट ठेंगणी, कारण ८२ टक्के पाणी असलेला पदार्थ पाण्याला फारसा परका नाही. हिशोबाने काही टक्केच ऊर्जा तिथून परतते. मागच्या पृष्ठभागाची लाट शोधावी लागते. पण मधली जागा सपाट नाही. तिथे गवतासारखी दाट, वेडीवाकडी रेघ आहे, आणि ती गोंगाट नाही: पल्स शंभरदा पाठवून सरासरी घेतली तरी ती तशीच राहते, तंतोतंत. प्रोब एक मि.मी. बाजूला सरकवला की पूर्ण वेगळी रेघ, आणि तीही तितकीच पक्की. प्रत्येक काडीवरून थोडीथोडी लाट परततेय आणि त्या सगळ्या एकमेकींत मिसळून ही रेघ बनतेय. एका जागेच्या रेघेला म्हणून काही अर्थ नाही. बऱ्याच जागांची सरासरी घेतली तरच ती हाडाबद्दल बोलते.

८ फेब्रुवारी

मागे परतणारी ऊर्जा वारंवारतेबरोबर कशी बदलते ते पाहिलं. ०.५ आणि १ मेगाहर्ट्झचे प्रोब, प्रत्येकाची गणती एका सपाट स्टीलच्या पट्टीवरून आलेल्या लाटेशी तुलना करून, आणि वाटेतली झीज भरून काढून. वारंवारता दुप्पट झाली की परत येणारी ऊर्जा आठ पटींच्या जवळ जाते. म्हणजे घनाचा नियम. अमेरिकेतल्या कीथ वेअर यांनी १९९९ मध्ये माणसाच्या टाचेच्या हाडात असाच घनाच्या जवळचा नियम नोंदवला. कारण आकारात आहे. लाटेच्या मानाने लहान गोल कण असेल तर चौथा घात येतो, लांब बारीक दांडी असेल तर तिसरा. काडी ही दांडीच आहे.

आरपार जाताना होणारी झीज मात्र वारंवारतेच्या साध्या पटीत वाढते. दुप्पट वारंवारता, साधारण दुप्पट डेसिबल. इथे मी बराच वेळ अडले. झीज जर मुख्यतः विखुरण्यानेच होत असती, तर तीही घनाने वाढायला हवी होती. ती वाढत नाही, याचा अर्थ बहुतेक ऊर्जा मागे परतत नाहीये, हाडातच मुरतेय: काड्यांवर आदळून आडव्या (शिअर) लाटांत बदलून, द्रवाच्या घर्षणात, काड्यांच्या आत. टाचेच्या यंत्रांचं वेगाखेरीजचं दुसरं मोजमाप याच साध्या पटीवर उभं आहे. लँग्टन आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये ते सुचवलं: ०.२ ते ०.६ मेगाहर्ट्झमध्ये झीज किती वेगाने चढते, तो चढ मोजायचा. हाड विरळ झालं की चढ कमी होतो. विरळ हाडातून आवाज जास्त सहज निघून जातो, आणि तेच चिंतेचं लक्षण.

१५ फेब्रुवारी

आडव्या तुकड्याच्या रीडिंगात एक गोष्ट खटकत होती. वारंवारता वाढेल तसा वेग किंचित कमी होत होता. झीज वारंवारतेबरोबर चढत असेल तर कार्यकारणाच्या नियमांनुसार वेगही थोडा चढायला हवा. इतरांनाही हेच उलटं दिसत आलंय. २००६ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने त्याचं उत्तर दिलं: वेगवान आणि मंद लाट एकमेकींवर चढलेल्या असताना त्यांना एक मानून वेग काढला, की असा उलटा उतार आपोआप तयार होतो.

आमच्याकडे ते तपासायची सोय होती, कारण काड्यांच्या दिशेच्या तुकड्यात त्या दोन लाटा वेगळ्या आहेत. दोन्ही कापून स्वतंत्र हिशोब केला. वेगवान लाटेचा वेग वारंवारतेबरोबर हलका चढतो, मंद लाटेचा जवळजवळ सपाट. मग दोन्ही एकत्र, न कापता, एकच लाट समजून तोच हिशोब. उतार खाली. सर खुर्चीवरून उठून स्क्रीनजवळ आले, पुन्हा करायला सांगितलं, आणि पुन्हा तेच आलं. या प्रकल्पातली मला सगळ्यात आवडलेली दुपार हीच.

२३ फेब्रुवारी

ओळखीच्या एका हाडांच्या डॉक्टरांना आलेख दाखवले. त्यांनी वेळ दिला. त्यांच्याकडून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ठिसूळ हाडांसाठी ठरवलेली उणे २.५ ची रेषा (तरुण, निरोगी हाडांच्या सरासरीशी तुलना करून काढलेल्या आकड्याची) डेक्सा या एक्स-रे तपासणीसाठी आहे, ती टाचेच्या अल्ट्रासाउंडला जशीच्या तशी लावता येत नाही. आणि टाचेची तपासणी टाकाऊही नाही. किरणोत्सर्ग नाही, यंत्र गाडीत घालून साक्री-शिरपूरच्या पाड्यांपर्यंत नेता येतं, आणि कुणाला पुढच्या तपासणीला पाठवायचं ते ठरवायला तिचा उपयोग होतो. निदान मात्र तिच्यावर करू नये.

सातपुड्याकडच्या आदिवासी वस्त्यांमध्ये सिकलसेल आढळतो, आणि त्या आजारात रक्तपुरवठा तुटून हाडांवरही परिणाम होतो, असंही ते म्हणाले. त्या हाडांची जाळी कशी बदलते, हा वेगळा आणि मोठा विषय आहे. नोंदवून ठेवते.

काकूंना फोन केला. आकड्याचा अर्थ सांगितला, डेक्सा करून घ्यायला सांगितली.

९ मार्च

शेवटची फेरी, शरीराच्या तापमानाला. न धुतलेला, मज्जा तशीच असलेला तुकडा, टाकी ३७ अंशांवर. पाणी या तापमानाला १५२४ वर जातं, पण चरबीत उलटं होतं: तापलं की तिच्यातला वेग घटतो. म्हणून मज्जा भरलेल्या तुकड्यात मंद लाट आणखी मागे पडली आणि खूप खचली. वेगवान लाटेची जागा फारशी हलली नाही, तिला सांगाड्याचा आधार आहे. धुतलेल्या हाडावरचे आकडे जिवंत टाचेला लावायचे तर आधी हा फरक वळता करावा लागेल.

अहवालाच्या तक्त्यात वेगाचा रकाना एकटा ठेवलेला नाही. प्रत्येक ओळीत काड्यांची दिशा, पोकळपणा, पाण्याचं तापमान, आणि वेगवान व मंद लाट वेगवेगळ्या. आडव्या तुकड्यापुढे "दोन लाटा मिसळलेल्या" असा शेरा. सरांनी तक्ता तसाच मंजूर केला. तुकडे मिठाच्या पाण्यात, आबांच्या ताब्यात, फ्रीजरमध्ये. पुढच्या तुकडीतल्या दोन मुलांना सिकलसेलचा विषय वाचायला दिलाय आणि फोमाची चौकट त्यांच्याकडे सोपवली आहे.